भोपळ्यात मूठभर सुकट

जून महिन्यात ह्यूस्टनच्या एसीवाल्याने सुट्टी घेणं म्हणजे भाद्रपदाच्या तोंडावर मूर्तिकाराने रजेवर जाणं. आमच्या शुगर लँडमध्ये तेव्हा सकाळी नऊलाच हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटते. फोनवर दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी रडत असतं: घरात नव्वद डिग्री झालंय, कुत्रा धापा टाकतोय, लवकर या. तरीही अकरा व्हॅन आणि सगळे फोन फोरमनच्या गळ्यात घालून मी बायकोसोबत सहा दिवस हवाईला जाऊन आलो.

कारण सांगतो. आमची मुलगी मुक्ता, वय सत्तावीस. इथेच जन्मली, इथेच इंजिनिअर झाली, तेलाच्या कंपनीत चांगली नोकरी होती. दोन वर्षांपूर्वी किनारा साफ करायच्या कुठल्याशा कामाला तीन आठवडे म्हणून हवाईच्या मोठ्या बेटावर गेली, ती तिकडेच राहिली. डोंगरावरच्या शाळेत सायन्स शिकवते आणि खाली समुद्राकाठी कोळ्यांच्या गावात एक खोली घेऊन राहते. मी दर रविवारी फोन करायचो आणि दर रविवारी विचारायचो, "कधी येतेस?" ती म्हणायची, "बघू." वर्षाला बावन्न रविवार धरा. या 'बघू'ने मला जेवढं दमवलं, तेवढं एकाही कॉम्प्रेसरने दमवलेलं नाही.

या वेळी खिशात एक पत्र होतं. तिच्या जुन्या साहेबाच्या घरचा एसी माझ्याकडे असतो. ऐन मे महिन्यात त्याचं युनिट बसलं, तेव्हा माणूस न पाठवता मी स्वतः गेलो, आणि काम करता करता मुक्ताचा विषय काढला. जुलैच्या आत हो म्हणाली तर जागा तिची, असं त्याने लिहून दिलं. मी आयटीआय झालेला माणूस, रत्नागिरीच्या जेटीवर बर्फाच्या कारखान्यात सुरुवात केलेला. बोलणी करायला रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढं मला कळतं.

आता जाणाऱ्यांसाठी माहिती. ह्यूस्टनहून होनोलुलू आठ तास, तिथून कोनाला छोटं विमान, पाऊण तास. घड्याळ पाच तास मागे जातं, गुडघे मात्र पुढेच राहतात. विमानात एक फॉर्म देतात: झाडं, फळं, प्राणी काय आणलंय ते लिहा. शुभांगी, म्हणजे आमची ही, पेन हातात धरून घाबरीघुबरी. "अहो, सुकट कशात लिहू? प्राण्यात की खाण्यात?" माझ्या बहिणीने रत्नागिरीहून पाठवलेली अर्धा किलो सुकट आमच्या बॅगेत होती. लहानपणी मुक्ता सुकटीच्या चटणीसाठी भांडायची. मी म्हटलं, "खाण्यात लिही. प्राणी असून तिला आता बरीच वर्षं झाली." उतरल्यावर एका माणसाने पाकीट उघडलं, वास घेतला, लगेच बंद केलं आणि हाताने "जा, जा" म्हणाला.

कोनाच्या विमानतळाला भिंती नाहीत. नुसती छपरं, आणि खालून वारा. धंद्याच्या नजरेने मी बघतच राहिलो. सगळ्या इमारतीत माझ्या हाताला काही काम नव्हतं.

गाडी आधीच बुक करा, ऐनवेळी मिळत नाही. पेट्रोल आमच्यापेक्षा बरंच महाग, आणि दुधाच्या कॅनची किंमत बघून शुभांगीने तो परत ठेवला. मागे उभी असलेली एक म्हातारी हसून म्हणाली, "डार्लिंग, आमच्याकडच्या गाई फर्स्ट क्लासने येतात." काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, "अंकल, पिशवी देऊ?" आणि हिला म्हणाली, "आंटी, आंबे घेतलेत का?" तिथे थोरामोठ्यांना सगळे अंकल-आंटीच म्हणतात, ओळख असो-नसो. हिचा चेहरा खुलला. "बघा, काका-काकूंचा मुलूख निघाला हा." मला ते फारसं आवडलं नाही. परका मुलूख असता तर मुलगी परत आणणं सोपं गेलं असतं.

कोनाहून दक्षिणेला साधारण तासभर. गावाचं नाव मी लिहिणार नाही, ही मुक्ताची अट आहे. "बाबा, ब्लॉगवर नाव टाकलंस तर नेक्स्ट समर इथे मिनीव्हॅन्सची लाइन लागेल." तेव्हा एवढंच सांगतो की हायवे सोडल्यावर पाच मैल उतार आहे, एका गाडीपुरता रस्ता, दोन्ही बाजूंना करपलेल्या भाकरीसारखा काळा लाव्हा. समोरून ट्रक आला की कुणी मागे घ्यायचं हे डोळ्यांनीच ठरतं. दोनदा आला, दोन्ही वेळा मीच गाडी मागे घेतली.

गावात विजेच्या तारा नाहीत. छपरांवर सोलर पॅनेल, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या, आणि कुठेतरी एक जनरेटर. त्याचा प्लग खराब झालाय हे मला गाडीतूनच ऐकू आलं. पन्नासेक घरं, एक चर्च, वाळू थोडी, दगड फार. मुक्ता रस्त्यावर उभी होती. रापून काळी झाली होती, पायात चपला नाहीत. हिने तिला मिठी मारली आणि पहिलं वाक्य बोलली, "केसांना तेल लावत नाहीस ना?"

मुक्ताची खोली अंकल किमोच्या घरामागे. अंकल किमो सत्तरीचे, अंगाने दांडगे, बोलायला कंजूष. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "फादर." मी म्हटलं, "हो." एवढीच ओळख. त्यांच्या पडवीत एक जुना फ्रीजर घरघरत होता. मी कान लावला आणि म्हणालो, "फॅनचं बेअरिंग गेलंय. महिनाभर चालेल." अंकल म्हणाले, "चार वर्षं हेच ऐकतोय."

जेवताना मी पत्राचा विषय काढणार होतो. मुक्ताने तळलेला मासा वाढला, ओपेलू. आपल्या बांगड्याचा सडपातळ भाऊ समजा. मी "मुक्ता, जरा बस" म्हणालो, तर ती म्हणाली, "बाबा, उद्या. साडेचारला उठायचंय. अंकल तुला होडीत घेणारेत. यू हॅव नो आयडिया, ही किती मोठी गोष्ट आहे."

मोठी कशी, ते तिने भांडी घासताना सांगितलं. समुद्रात गावाच्या ठरलेल्या जागा आहेत. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत तिथे जाऊन ओपेलूंना फक्त खाऊ घालायचं. जाळं टाकायचं नाही, एकही मासा काढायचा नाही. रोज तीच वेळ, तीच जागा. मग ऑगस्टमध्ये जाळं. या वर्षी अंकलनी तिला खाणं बनवायला आणि होडीत बसायला घेतलं होतं. दीड वर्ष ती वाट बघत होती. गावातल्या काहींना ते आवडलं नव्हतं, बाहेरची मुलगी कशाला म्हणून. ऑगस्टमध्ये जाळ्याची दोरी तिच्या हातात दिली, तर ती गावची झाली. नाही दिली, तर पाहुणी.

"आणि पाहुण्याने दोन वर्षांनी जायचं असतं," ती हसून म्हणाली. हसताना माझ्याकडे बघत नव्हती.

म्हणजे तिलाही एक तारीख होती आणि माझ्या खिशातल्या पत्रालाही. मी कूस बदलत पडून राहिलो. घड्याळाने पहाटेचे दोन, शरीराने सकाळचे सात.

साडेचारला चुलीवर मोठं पातेलं. किसलेला लाल भोपळा आणि थोडी पपई, अर्धवट वाफवलेली. मुक्ता ते पिळून, मळून बादलीत भरत होती. मी बाजूला चहा घेऊन उभा. आम्ही जेटीवरची पोरं खाडीत गळ टाकायचो, तेव्हा कणकेच्या गोळीत सुकट चुरून घालायचो. मासे वेडे व्हायचे. इथे नुसता भोपळा बघून मला त्या माशांची दया आली. उपासाच्या दिवशी पाहुणे बोलावल्यासारखं वाटलं. मुक्ता हात धुवायला वळली तेव्हा मी पाकिटातून मूठभर सुकट काढली, तळहातावर चुरली, बादलीत घातली आणि वरून भोपळा सारखा केला. कुणाला न सांगता, कौतुकाने. ऑगस्टमध्ये जाळं फाटेपर्यंत मासे आले की सांगू, हे तुझ्या बाबाचं काम, असा माझा हिशेब.

होडी लाकडी, एका बाजूला तोल सांभाळणारा दांडा, मागे छोटी मोटर. शुभांगीला बोट लागते, ती किनाऱ्यावरच राहिली. "सांभाळून हो!" एवढंच ओरडली. कुठे चाललात, असं विचारायचं नाही, हे मुक्ताने तिला बजावलं होतं. इथेही ते अशुभ मानतात. हिला ते पटकन पटलं.

वीस मिनिटांनी अंकलनी मोटर बंद केली. डोंगरावरचं एक झाड आणि चर्चचं टोक एका रेषेत आले की जागा आली. पाणी इतकं निवळ की खोलवर सावल्या फिरताना दिसत होत्या. तळाला काच बसवलेली पेटी अंकलनी पाण्यावर ठेवली आणि मला वाकायला लावलं. खाली शेकडो ओपेलू, सगळे वर तोंड करून. शाळा सुटायच्या आधी पोरं दाराशी गोळा होतात, तसे.

मग अंकलनी बादलीचं झाकण काढलं आणि थांबले.

त्यांनी वास घेतला. दोन बोटांनी भोपळा उकरला. गुलाबी चुरा बोटांना चिकटून आला. त्यांनी मुक्ताकडे पाहिलं.

"बादली तू भरलीस?"

"हो, अंकल."

"तूच?"

मुक्ताने चुरा पाहिला. लहानपणापासून खाल्लेली वस्तू, तिला काय ओळखायला वेळ लागणार? तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाण्याकडे बघत म्हणाली, "हो. मीच भरली."

आता खरं लिहितो, नाहीतर हे सगळं टाईप करायला बसण्यात अर्थ नाही. काय चुकलं ते मला नेमकं कळलं नव्हतं, पण फार मोठं काहीतरी चुकलंय हे अंकलच्या आवाजावरून कळलं होतं. आवाजावरून बिघाड ओळखण्यावर मी आयुष्य काढलंय. आणि हेही कळलं की मी आता काहीच बोललो नाही, तर दोरी तिच्या हातात येणार नाही. ती पाहुणी ठरेल. पत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं. मला काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. दोन वर्षं मी फोनवर बोलून जे झालं नाही, ते न बोलता होणार होतं.

दोन श्वास मी गप्प होतो.

मग म्हणालो, "मी टाकलं ते. तिला माहीत नाही."

अंकलनी झाकण लावलं. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. मोटर सुरू केली आणि होडी वळवली. खालचे मासे तसेच वर बघत राहिले असणार. मी मागे वळून पाहिलं नाही.

किनाऱ्यावर त्यांनी बादली केळीच्या बुंध्याशी ओतली आणि वर माती टाकली. मग मला दगडावर बसवून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "भाजी घातली की ओपेलू येतात. मांस घातलं की ओपेलूंना खाणारे येतात. ते एकदा आले की जागा सोडत नाहीत. मग वर्षभर भाजी घाला, कोणी येत नाही. माझ्या बापाने त्या जागेवर घास घातला. त्याच्या बापाने घातला." थांबून म्हणाले, "तुझी मूठ पाण्यात गेली नाही. नशीब."

मला दुरुस्तीशिवाय दुसरं काही येत नाही. मी म्हटलं, "अंकल, माझी चूक. मी तुम्हाला नवा फ्रीजर पाठवतो. मोठा, सोलरवर चालणारा."

"फ्रीजर माशांना खाऊ घालतो का?"

"नाही."

"किती दिवस आहेस?"

"अजून तीन."

"मग तीन दिवस भोपळा किस."

मुक्ता मागे उभी होती. तिने हळूच विचारलं, "अंकल, आणि मी? ऑगस्ट?"

अंकल होडी ओढत होते. म्हणाले, "बघू."

तो शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय. पण आपल्यामुळे आपल्या मुलीला तो ऐकावा लागतो तेव्हा कसा वाजतो, हे त्या दिवशी कळलं.

पुढच्या तीन पहाटेंचं वर्णन वाचायला रमणीय वाटेल, करायला नाही. दगडावर बसून लाकडी पाटाला ठोकलेल्या, खिळ्याने भोकं पाडलेल्या पत्र्यावर भोपळा किसायचा. पहिल्या दिवशी बोटाचं साल गेलं. गुडघे आखडले. डास चावले. अंकल येऊन कीस चिमटीत घेत आणि "जाड" म्हणून निघून जात. माझ्याशी दुसरा शब्द नाही. शुभांगी शेजारी भोपळ्याची सालं काढत बसायची. बिया तिने वाळत घातल्या, सवय. ती एकदाच बोलली, "तुम्ही मध्येच कशाला हात घालता हो सगळ्यात?" मी कीस बारीक करत राहिलो.

होडीत मला पुन्हा घेतलं नाही. मुक्ताला घेतलं, पण बादली अंकल स्वतः तपासायचे, तिच्यासमोर, तळापर्यंत हात घालून. ती मान खाली घालून उभी राहायची. ते बघणं किसण्यापेक्षा अवघड होतं.

पहिल्या पहाटे ती परत आल्यावर मी विचारलं, "आले का?"

"कमी. कालचे चिडलेत." मग माझ्याजवळ बसून तिने दुसरा पाट घेतला. "बाबा, अंकलनी विचारलं तेव्हा तू काय विचार करत होतास?"

"काही नाही," मी म्हणालो. "मला समजायला वेळ लागला."

"ओके," ती म्हणाली. माझ्या हातातला भोपळा घेऊन तिने मला दाखवलं, कसा तिरका धरायचा.

शेवटच्या पहाटे अंकलनी कीस चिमटीत घेतला, बघितला आणि काही न बोलता बादलीत टाकला. निघताना त्यांनी कागदात गुंडाळलेले चार सुके ओपेलू शुभांगीच्या हातात दिले. मला नाही. विमानतळावर मुक्ताने मिठी मारली. "कधी येतेस" माझ्या ओठांवर आलं होतं. पत्र खिशातच होतं, त्याला भोपळ्याचा डाग पडला होता. म्हणालो, "बोटाला पट्टी लाव. तुझंही साल गेलंय."

घरी आलो तर चौदा कामं तुंबलेली. जुन्या साहेबाला फोन करून सांगितलं, ती येत नाही. तो म्हणाला, "तुम्ही तिला पत्र दाखवलंत ना?" मी म्हणालो, "जागा दुसऱ्याला द्या, साहेब." जुलैभर छपरांवर चढलो-उतरलो. रविवारचा फोन चालू ठेवला, पण प्रश्न बदलला. "आज किती आले?" असं विचारायचो. ती सांगायची: थोडे, बरेच, आज पाणी गढूळ. हळूहळू दोन मिनिटांचा फोन वीस मिनिटांवर गेला. शुभांगी समोर बसून हाताने खुणा करायची, विचारा ना, विचारा. मी मान हलवायचो.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी भर दुपारी फोन आला. मी कुणाच्या तरी माळ्यावर, घामाने निथळत. गावात सिग्नल नाही. मागचा वारा ऐकून कळलं, रविवारी माझा फोन घ्यायला चढते त्याच वरच्या वळणावर ती उभी आहे.

"बाबा, आज जाळं टाकलं."

"मग?"

"दोरी माझ्याकडे होती. अंकलनी काही म्हटलंच नाही. जस्ट हातात दिली." तिचा श्वास लागला होता, चढून आली होती. "हात सोलवटलेत."

मी माळ्यावर, इन्सुलेशनमध्ये, तसाच बसलो. म्हणालो, "मुक्ता, त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. मला समजायला वेळ लागला नव्हता. माझ्या खिशात तुझ्या जुन्या नोकरीचं पत्र होतं. दोन श्वास मी मुद्दाम गप्प होतो."

वारा वाजत राहिला.

"तीन," ती म्हणाली. "मी मोजत होते."

संध्याकाळी घरी आलो. शुभांगीला सांगायला गेलो तर ती आधीच दारात. "फोन आला होता ना? काय म्हणाली? कधी येतेय?"

"ती नाही येत," मी बूट काढत म्हणालो. "अंकलनी निरोप दिलाय. फेब्रुवारीत खाणं घालायला सुरुवात होते. फादरचा कीस आता बरा पडतो म्हणे."